गाडीवर सायकल नेताना सीटपोस्टच्या या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की रविवारी पहाटे कात्रजच्या बोगद्यातून मागे सायकली लटकवलेल्या गाड्या जाताना दिसतात. कोणी भोरला, कोणी वाईला. मीही बरीच वर्षं असाच जातोय. खेड शिवापूरला चहाला थांबलो की माझी नजर आधी दुसऱ्यांच्या सीटपोस्टकडे, म्हणजे सीटखालच्या दांड्याकडे जाते, आणि दर वेळी त्याच त्या चुका बघून जीव हळहळतो.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे सीटपोस्ट काढून फ्रेमची नळी उघडी ठेवणं. रॅकवर दोन सायकली शेजारी लावल्या की एकीचं हँडल दुसरीच्या सीटला घासतं, म्हणून लोक सीट पोस्टसकट काढून डिकीत टाकतात. काढा, हरकत नाही. पण ती नळी सरळ खाली बॉटम ब्रॅकेटपर्यंत, म्हणजे पेडलचा आस जिथे फिरतो तिथवर जाते, आणि गाडीमागे उडणारं पाणी आणि चिखल तिच्यात आयता उतरतो.

एका जुलैत मी माझी स्टीलची सायकल अशीच वाईला नेली. खंबाटकी घाटापासून वाईपर्यंत धो धो पाऊस. पोचल्यावर सीट बसवली, पसरणी घाट चढलो, घरी आलो, वरवर पुसून सायकल उभी केली. पंधरा दिवसांनी पेडल मारताना कट-कट आवाज यायला लागला. मी आधी पेडलं घट्ट केली, मग चेनला तेल घातलं. शेवटी मेकॅनिककडे नेली. त्याने सीट काढून सायकल उलटी धरली, तर नळीतून चहासारखं तपकिरी पाणी फरशीवर ओघळलं. बेअरिंग गंजून गेलं होतं. फ्रेमच्या तळाला पाणी जायला बारीक भोक होतं, पण ते चिखलाने बुजलेलं. बॉटम ब्रॅकेट नवीन घालावं लागलं आणि फ्रेमला आतून गंज धरला तो धरलाच.

तेव्हापासून माझ्या गाडीच्या कप्प्यात जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा कायम असतो. सीट काढली की तो नळीच्या तोंडावर ओढायचा, वरचं टोक दुमडून रबराने बांधायचं. नुसती प्लास्टिकची पिशवी वाऱ्याने फाटते, शिरवळच्या पुढे टिकत नाही.

दुसरी चूक उंचीची. खूण न करता पोस्ट काढायचा आणि पोचल्यावर अंदाजाने बसवायचा. ‘चालवताना कळेल की’ म्हणणारी मंडळी अर्ध्या घाटात गुडघा धरून बसलेली मी पाहिली आहेत. मार्करची रेघ ग्रीसने पुसली जाते, म्हणून मी पोस्ट आवळणाऱ्या क्लॅम्पच्या बरोबर वर काळ्या इन्सुलेशन टेपचा एक वेढा देतो. शिवाय बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं माप फोनमध्ये लिहिलेलं असतं. आणि पोस्टवर कोरलेली कमीत कमी आत जाण्याची रेघ बाहेर दिसता कामा नये. ती दिसली तर सगळा भार नळीच्या वरच्या काठावर येतो आणि फ्रेमला तडा जाऊ शकतो. उंच माणसाने लांब पोस्ट घ्यावा, यात काटकसर नको.

एलन की, म्हणजे क्लॅम्पची षटकोनी चावी, घरी विसरू नका. माझी रॅकच्या पट्ट्यालाच बांधलेली असते.

धातूचा पोस्ट धातूच्या फ्रेममध्ये कोरडा घालू नका. ग्रीस लावा, नाहीतर तो आत जाम होतो. पोस्ट किंवा फ्रेम कार्बनची असेल तर ग्रीस नको, कार्बन पेस्ट लावा आणि क्लॅम्पवर छापलेल्या आकड्यापलीकडे आवळू नका. तो बहुतेक 5 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. ‘अजून थोडं’ म्हणत हात दाबणाऱ्यांच्या हातात मी माझी सायकल देत नाही.

लेडीज सायकलला आडवा दांडा नसतो, म्हणून हँडलपासून सीटपोस्टपर्यंत जोडदांडा लावून ती लटकवतात. म्हणजे निम्मी सायकल पोस्टवर लोंबकळते. तिथे पोस्ट काढायचाच नाही, आणि क्लॅम्प निघण्यापूर्वी तपासायचा. क्विक रिलीज, म्हणजे चावीशिवाय हाताने उघडणारा क्लॅम्प असेल तर त्याचा खटका बंद करताना तळहातावर वळ उठला पाहिजे. सहज बंद झाला तर उघडा, खटक्याच्या समोरच्या बाजूचा नट अर्धा फेरा आवळा आणि पुन्हा दाबा.

ड्रॉपर पोस्ट, म्हणजे चालवताना बटणाने खाली-वर होणारा पोस्ट असेल तर मात्र तो उपसू नका, बहुतेकदा आत केबल किंवा होज असते. सीट खाली गेलेली असताना तिला धरून सायकल रॅकवर चढवूही नका. फ्रेमला धरून उचला.