प्रांतिक काळातल्या आमदाराचं चरित्र कसं जुळवावं

नाशिक जिल्ह्यातल्या जुन्या पुढाऱ्यावर लिहायचं ठरलं की आधी हाती येतात त्या स्मरणिका आणि गौरव अंक. ते जरूर वाचा, पण लेखनाचा पाया त्यांच्यावर रचू नका. लांब वहीत चार रकाने आखा: तारीख, घटना, ठिकाण, कुठे सापडलं. चौथा रकाना रिकामा असेल तर ती नोंद मजकुरात घ्यायची नाही.

बाबासाहेब आंबेडकरांचे सहकारी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचंच पाहा. जन्म 15 ऑक्टोबर 1902, दिंडोरी तालुक्यातलं आंबे. पहिली अडचण नावाची. दप्तरात ते बी. के. किंवा भाऊराव, वडिलांचं नाव कुठे कृष्णाजी तर कुठे कृष्णराव. त्यात कर्मवीर आणि भाऊराव एकत्र आले की भाऊराव पाटलांची कात्रणं यांच्या फायलीत घुसतात. सूचीत सगळी रूपं शोधा.

मोठी चूक होते ती वर्षांची. ‘1937 ते 1946 आमदार’ असं सर्रास छापलेलं असतं आणि अभ्यासक नऊ वर्षांची भाषणं शोधत बसतो. 175 सदस्यांच्या त्या मुंबई विधानसभेचं कामकाज खरं चाललं ते 1939 पर्यंत. काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, कारभार गव्हर्नरच्या हाती गेला आणि पुढची निवडणूक 1946 मध्ये झाली. म्हणून सभागृहाची कार्यवाही 1937 ते 1939 एवढीच चाळा. पुढच्या वर्षांसाठी बाबासाहेबांच्या ‘जनता’ साप्ताहिकाचे अंक आणि त्यांनी दादासाहेबांना लिहिलेली पत्रं बघा.

मतांचे आकडे देताना फार जपा. 1932 च्या पुणे करारानंतर अस्पृश्यांसाठी राखीव असलेल्या जागेवर चारपेक्षा जास्त उमेदवार असले, तर आधी फक्त अस्पृश्य मतदार चौघांना निवडत आणि मग संयुक्त मतदान होई. शिवाय मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षणावर अवलंबून होता. आजच्या मताधिक्याशी तुलना केली तर दादासाहेबांच्या कामगिरीवर अन्याय होतो.

नाशिकच्या काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून झालेला काळाराम सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला. रामाच्या रथाच्या दिवशीचा संघर्ष 9 एप्रिलचा, पण पुष्कळ ठिकाणी त्याला ‘रामनवमी’ म्हटलेलं सापडेल. नाशकात रथ निघतो चैत्र शुद्ध एकादशीला, नवमीला नाही. तारीख आणि तिथी जुळत नसतील तर जुनं पंचांग उघडा, अंदाजाने दुरुस्त करू नका.

सार्वजनिक वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं चाळताना पान कडेने उचला, मधे धरलं की घडीवर तुटतं. फोटोत बातमीबरोबर माथ्यावरची तारीखही यायला हवी. दैनिकात घटना बहुधा आदल्या दिवशीची असते, साप्ताहिकात मात्र आठवडाभर मागचीही. अंकाची तारीख घटनेला चिकटवली की पुढचा सगळा क्रम बिघडतो.

1950 पर्यंत मुंबई प्रांत, त्यानंतर 1 मे 1960 पर्यंत मुंबई राज्य. त्यामुळे 1937 च्या दादासाहेबांना ‘महाराष्ट्राचे आमदार’ लिहू नका. लोकसभा (1957 ते 1962) आणि राज्यसभा (1962 ते 1968) यांची भाषणं संसदेच्या छापील कार्यवाहीत मिळतात. भूमिहीनांच्या सत्याग्रहाचं प्रकरण लिहायला घेण्याआधी ती वाचून काढा.