परदेशी नोकरीला निघताना बँक खातं कसं निवडावं

खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात आखातात कोणीच नाही असं गाव विरळाच. व्हिसा हातात आला की घरात बॅगेच्या वजनावर बोलणं होतं, मसाला आणि कुळथाचं पीठ बांधलं जातं. बँकेचा विषय मात्र "पैसे भावाच्या खात्यावर पाठव" एवढ्यावर संपतो. मी शारजात १४ वर्षं काढली आणि पहिली तीन वर्षं हेच केलं. भावाने पै न् पैचा हिशेब ठेवला, पैसे आईच्या औषधपाण्याला आणि घराच्या चिऱ्यालाच लागले. पण पुढे घराचं काम वाढवायला कर्ज मागायला गेलो, तेव्हा तीन वर्षांच्या कमाईचा माझ्या नावावर एक कागद नव्हता. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय.

आधी आपण अनिवासी कधी होतो ते समजून घ्या

नोकरीसाठी देश सोडला की फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी झालात. आयकराचा हिशेब वेगळा. तिथे आर्थिक वर्षातले दिवस मोजतात, आणि नोकरीसाठी बाहेर पडलेल्या भारतीय नागरिकाला त्या वर्षी १८२ दिवसांची मर्यादा लागते. एप्रिलमध्ये गेलेला आणि जानेवारीत गेलेला, दोघंही बँकेच्या लेखी लगेच अनिवासी; पण जानेवारीत गेलेल्याला त्या वर्षाचं विवरणपत्र निवासी म्हणूनच भरावं लागतं. या दोन गोष्टी एकच समजल्या की पुढचे सगळे घोळ सुरू होतात.

पहिला परिणाम घरच्या बचत खात्यावर होतो. ते जसंच्या तसं चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या उत्पन्नाचं खातं, करून घ्यावं लागतं. पीपीएफचं नवं खातंही अनिवासी माणसाला उघडता येत नाही, त्यामुळे उघडायचं असेल तर जाण्याआधीच उघडा.

पैसा कुठून येतो ते बघून खातं ठरवा

एनआरई खात्यात परदेशातली कमाई येते. पैसे रुपयांत राहतात, व्याजावर भारतात कर नाही, आणि मुद्दल, व्याज दोन्ही पुन्हा परदेशी नेता येतात. मुदत ठेव मात्र किमान एक वर्षाची. त्याआधी मोडली तर व्याज शून्य.

एनआरओ खातं इथल्या उत्पन्नासाठी. चिपळूणच्या गाळ्याचं भाडं, वडिलांच्या नावावरून तुमच्या नावावर आलेल्या कलमांच्या हापूसचे पैसे, शेअरचा लाभांश, हे सगळं इथे जमा करायचं. याच्या व्याजावर ३० टक्के कर आणि वर उपकर आधीच कापला जातो. अमिरातीत राहणाऱ्यांनी तिथला कर-निवासी दाखला आणि कराराचा फायदा मागायचा, १०एफ नावाने ओळखला जाणारा फॉर्म बँकेत दिला, तर दोन देशांतल्या करारामुळे ही कपात १२.५ टक्क्यांवर येते. हा दाखला काढायला कंटाळणारे मी खूप पाहिले. ठेव मोठी असेल तर कंटाळू नका.

एनआरईतून एनआरओत पैसे सहज जातात, उलटं तसं नाही. एनआरओतले पैसे बाहेर न्यायचे किंवा एनआरईत वळवायचे तर कराबद्दलचं तुमचं घोषणापत्र आणि सीएचा दाखला (१५सीए आणि १५सीबी या नावांनी ओळखले जाणारे फॉर्म) लागतात आणि आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादा आहे. आपल्यापैकी बहुतेकांना ती मर्यादा कधी आडवी येणार नाही, पण कागद आडवे येतात. म्हणून आखातातला पगार आधी एनआरईतच उतरवा, तिथून घरखर्चाला लागेल तेवढाच पुढे सरकवा.

रुपया घसरण्याची भीती वाटत असेल तर एफसीएनआर ठेव बघा. ती परकीय चलनातच राहते, मुदत १ ते ५ वर्षं.

बँक कोणती? गावातली पतसंस्था कितीही ओळखीची असली तरी तिथे एनआरई खातं उघडत नाही. रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेलीच बँक हवी. माझं मत विचाराल तर दोन्ही खाती एकाच बँकेत ठेवा, आणि अशा बँकेत, जिची शाखा तालुक्याला एसटी स्टँडच्या जवळपास आहे. ॲप कितीही चांगलं असलं तरी आईला एक दिवस काउंटरवर जावंच लागतं. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच आहे आणि सगळ्या शाखा मिळून तो मोजतात. मोठी शिल्लक झाली की दुसरी बँक बघायची.

तिकडचं खातं

अमिरातीत २००९ पासून पगार वेतन संरक्षण यंत्रणेतून, म्हणजे सरकारची नजर असलेल्या बँकेच्या वाटेनेच येतो, त्यामुळे पहिलं खातं बहुधा कंपनीच सुचवते. बांधकाम, साफसफाई अशा कामांत बऱ्याचदा खात्याऐवजी नुसतं पगाराचं कार्ड हातात पडतं. त्याला खातं समजू नका. एमिरेट्स आयडी मिळाला की आपल्या नावावर खरं खातं उघडा, ज्याला आयबॅन, म्हणजे खात्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. अमिरातीचा आयबॅन २३ अक्षरी, सुरुवात एई ने. सौदीचा २४ अक्षरी, सुरुवात एसए ने.

खातं उघडताना मी काउंटरवर तीन प्रश्न विचारायचो. किमान शिल्लक किती आणि ती खाली गेली तर महिन्याला काय कापता? नोकरी सुटून पगार थांबला तर खात्याचं काय होतं? भारतात पैसे पाठवताना तुमचा आजचा दर काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लिहून मागा. नोकरी बदलण्याच्या दोन-तीन महिन्यांत शिल्लक खाली जाते आणि दंड सुरू होतो, हे अनुभवाने सांगतो.

दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, सौदी रियाल ३.७५ ने. म्हणजे तिकडच्या खात्यातली शिल्लक ही एका अर्थी डॉलरचीच शिल्लक. तीन-चार महिन्यांचा खर्च तिथे राहू द्या, बाकीचं घरी पाठवा.

भेटीच्या व्हिसावर, तिथे न राहता खातं काढून देतो म्हणणारे एजंट भेटतात. अशा खात्याला शिल्लक जास्त मागतात, उत्पन्नाचे पुरावे मागतात, चेकबुक बहुधा देत नाहीत. नोकरदार माणसाला त्याची गरज नाही.

जहाजावर जाणाऱ्यांनाही परदेशी खात्याच्या मागे लागायचं कारण नाही. डॉलरचा पगार थेट एनआरईत घ्या. अनिवासी खलाशाचा परदेशी जहाजावरचा पगार एनआरई खात्यात आला एवढ्यावरून तो भारतात करपात्र ठरत नाही, असं आयकर खात्याच्या २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. सीडीसीवरच्या (खलाशाच्या नोंदपुस्तकातल्या) जहाजावर चढण्या-उतरण्याच्या तारखांची झेरॉक्स दर वर्षी जपून ठेवा.

पैसे पाठवताना

"फी शून्य" या पाटीकडे बघू नका, दर बघा. २,००० दिरहम पाठवताना दर १० पैशांनी कमी मिळाला की २०० रुपये गेले, आणि हे दर महिन्याला होतं. बँक आणि एक्स्चेंजचा दर एकाच दिवशी, एकाच वेळी विचारा, आणि "खात्यात नेमके किती रुपये पडतील" तेवढंच लिहून घ्या. भारतीय खात्याला आयबॅन नसतो. ११ अक्षरी आयएफएससी आणि बँकेचा स्विफ्ट कोड लागतो. पहिल्यांदा थोडीच रक्कम पाठवून ती पोहोचली की मग मोठी पाठवा.

एनआरईतल्या पैशांनी भारतात घर, गाळा घेता येतो. आंब्याची बाग, शेतजमीन, फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली बाग राहते, नवी घेता येत नाही. गुहागर-दापोलीकडे जमीन दाखवणारे दलाल हे सांगत नाहीत, म्हणून इसार देण्याआधी सातबारा बघा.

निघण्याच्या आठवड्यात

घरचा मोबाइल नंबर रोमिंगवर घालून घ्या आणि त्याचं रिचार्ज संपू देऊ नका. माझ्या आतेभावाचा नंबर बंद पडला, ओटीपी यायचा थांबला, आणि आईच्या ऑपरेशनच्या वेळी स्वतःच्याच खात्यातले पैसे त्याला हलवता आले नाहीत. गणपतीत सुट्टीवर आला तेव्हा अर्धी सुट्टी नंबर बदलण्याच्या त्या एका फॉर्मवर गेली. आता एनआरई-एनआरओ खात्याला अमिराती, सौदी, ओमान, कतार अशा काही देशांचा नंबर जोडूनही यूपीआय वापरता येतं. आपल्या बँकेत ही सोय आहे का ते विचारून घ्या.

नॉमिनीचं नाव भरा. घरच्याला जोडखातेदार करायचं तर "फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर" पद्धतीने, म्हणजे तुम्ही हयात असेपर्यंत व्यवहार तुमचाच. रोजच्या खर्चासाठी कुलमुखत्यारपत्र पुरतं.

परत येताना

तिकडचं कर्ज, क्रेडिट कार्ड आधी मिटवा. कर्ज बाकी असेल तर शेवटचा हिशेब जमा होताच अनेक बँका तो अडवून ठेवतात. इथे पोहोचल्यावर बँकेला कळवा. एनआरई खातं निवासी होतं, आणि डॉलर जपायचे असतील तर आरएफसी, म्हणजे परतलेल्या माणसाचं परकीय चलनातलं खातं मिळतं. तिकडचं खातं चालू ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. पण पूर्ण निवासी झाल्यावर ते विवरणपत्राच्या शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावं लागतं, लपवलं तर १० लाखांचा दंड होऊ शकतो, आणि त्या खात्याची माहिती तिकडच्या सरकारांकडून इकडे आपोआप येते. चालू ठेवायचं नसेल तर व्हिसा रद्द होण्याआधी खातं बंद करा आणि काही देणं उरलं नाही असं बँकेचं शिक्क्याचं पत्र हातसामानात ठेवा.