मुलांच्या फाइली किती वर्षं ठेवायच्या आणि मग त्यांचं काय करायचं

माझ्या खुर्चीवर आलेल्या नव्या कारकुनाचा मागच्या आठवड्यात फोन आला. "मॅडम, २०१६-१७चे गठ्ठे उंदीर कुरतडून राहिले. काय करू यांचं?" अर्धं फोनवर सांगितलं, बाकीचं लिहून देते म्हटलं. तीस वर्षं नागपुरात सरकारी कारकुनी केली, त्यातली शेवटची अकरा विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याच्या प्रकरणात सापडलेल्या अल्पवयीन मुलांच्या संस्थेतल्या अभिलेख कक्षात. खोली पश्चिमेला, मे महिन्यात नुसती भट्टी, आणि कूलर लावावा तर ओलीने कागद फुगायचे. तिथे बसून जे शिकले ते सांगते. याच कामावर असलेल्या दुसऱ्या कुणालाही चालेल.

पहिली सवय मोडायची ती अ, ब, क, ड ची. महसूल किंवा जिल्हा परिषदेतून बदलून आलेला माणूस फाइल दिसली की वर्ग ठरवतो: अ म्हणजे कायम, ब म्हणजे तीस वर्षं, आणि शंका असली की वरच्या वर्गात ढकलून मोकळा. तिकडे ते शहाणपण आहे. सातबाऱ्याचा कागद चुकून जास्त ठेवला तर कुणाचं बिघडत नाही. इथे उलटं आहे. बाल न्याय अधिनियम २०१५च्या कलम ३ मध्ये जी तत्त्वं दिली आहेत, त्यांत नव्या सुरुवातीचं एक तत्त्व आहे: खास परिस्थिती सोडली तर मुलाच्या मागच्या नोंदी पुसल्या गेल्या पाहिजेत. त्यामुळे या खोलीत फाइल मुदतीपेक्षा जास्त ठेवणं हीच चूक.

मुदत किती? केंद्राच्या २०१६च्या आदर्श नियमांतला नियम १४ पाहा. दोषी ठरल्याचे अभिलेख अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षं सुरक्षित ठेवायचे, त्याहून जास्त नाही, आणि मग ते संस्थेच्या प्रभारी अधिकाऱ्याने, मंडळाने (म्हणजे अशा मुलांची प्रकरणं चालवणाऱ्या बाल न्याय मंडळाने) किंवा बाल न्यायालयाने, ज्याचं त्याने, नष्ट करायचे. अपिलाची मुदत कलम १०१ प्रमाणे तीस दिवस. आता यातल्या "किंवा"वर कचेरीत तासभर वाद घालता येतो आणि आम्ही तो घातलेला आहे. शेवटी आमच्याकडे असं ठरलं की कलम २४ खाली अभिलेख नष्ट करण्याचा मंडळाचा आदेश असेल तर त्यात लिहिलेली तारीख धरायची, आणि आदेश त्यावर गप्प असेल तर सात वर्षं ही शेवटची हद्द. राज्याचे २०१८चे नियमही टेबलावर असू द्या, टिपणीत दोन्हींचा उल्लेख करा.

मोजायचं कुठून, यात नवीन माणूस हमखास चुकतो. फाइलच्या पुठ्ठ्यावर ठळक असते ती मूल संस्थेत आल्याची तारीख. ती नव्हे. आम्ही अंतिम आदेशाची तारीख धरायचो. मूल मार्चमध्ये आलं, अंतिम आदेश १२ ऑगस्ट २०१६चा, अपील नाही, तर सात वर्षं ऑगस्ट २०२३ मध्ये भरली. अपील झालं असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत हात लावायचा नाही. मी प्रत्येक पुठ्ठ्याच्या आत, बाहेर नाही, पेन्सिलीने "नष्ट दि." लिहून ठेवायचे. जानेवारीत एकदा सगळे पुठ्ठे उघडून त्या वर्षीचे वेगळे काढायचे. दोन दिवसांचं काम आहे.

आता अपवाद. तो एकच आहे, पण कचेऱ्यांत त्याचा फार विस्तार होतो. सोळा वर्षं पूर्ण झालेलं मूल, गुन्हा निर्घृण म्हणजे किमान सात वर्षांच्या शिक्षेचा, मंडळाने प्राथमिक मूल्यांकन करून प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवलेलं, आणि त्या न्यायालयाने कलम १९(१)च्या पहिल्या खंडाखाली त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवून दोषी ठरवलेलं: एवढं सगळं जुळलं तरच दोषसिद्धीचे अभिलेख बाल न्यायालय ठेवून घेतं. माझ्या आधीच्या कारकुनाने पुठ्ठ्यावर ३०२, म्हणजे खुनाचं कलम दिसलं की लाल रुमाल बांधलेला, म्हणजे कायम. त्यात पंधरा वर्षांची पोरं होती. मंडळानेच निकाल दिलेलीही होती. बाल न्यायालयात जाऊनही प्रौढ म्हणून खटला न चाललेली दोन होती. ही सगळी सात वर्षांवालीच. १ जुलै २०२४ नंतरच्या फाइलींवर ३०२च्या जागी नव्या न्याय संहितेचं १०३ दिसेल, पण कलमाच्या आकड्यावरून ठरवूच नका. आदेश काढा आणि कलम १९चा कोणता खंड लिहिलाय ते वाचा.

सुटलेल्या मुलांचं काय, हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. नियम १४ दोषी ठरलेल्यांच्या अभिलेखांबद्दल बोलतो, म्हणून निर्दोष सुटलेल्यांच्या फाइली कपाटात तशाच पडून. म्हणजे ज्याने केलं त्याचा कागद सात वर्षांत जाणार आणि ज्याने केलंच नाही त्याचा राहणार! मी त्यांची वेगळी यादी करून मंडळापुढे आदेशासाठी ठेवायला लावली. टिपणीत कलम ३ मधलं तेच नव्या सुरुवातीचं तत्त्व लिहिलं.

हात लावायचा नाही अशा फाइलीही आहेत. मूल पळून गेलंय आणि प्रकरण उघडं आहे. सोबतच्या प्रौढ आरोपीचा खटला सत्र न्यायालयात चालू आहे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात काही प्रलंबित आहे. माहिती अधिकाराचा अर्ज किंवा अपील चालू आहे. यांना हिरवी चिठ्ठी लावून वेगळ्या फळीवर ठेवा आणि दर वर्षी विचारपूस करा, नाहीतर ती फळीच कायमची होते. रोकडवही, हजेरीपट, धान्याच्या साठ्याच्या वह्या हा संस्थेचा हिशेब आहे, मुलाचा अभिलेख नाही. त्यांना नेहमीचे वर्ग लावा, आणि लेखापरीक्षणाचे आक्षेप मिटल्याशिवाय सोडू नका.

आता ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसले, ते. फाइल नष्ट करायला काढली की ती एकदा पान पान उलटून पाहायची. मी नवीन असताना पाहिली नव्हती. साहेबांनी यादीवर सही केली, गठ्ठा सुटला, कागद गेले. दोनेक महिन्यांनी एक पोट्टा दारात उभा. एकोणीस-वीस वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. "ताई, माझी टीसी इथं जमा होती. आयटीआयला ओरिजिनल मागून राहिले." संस्थेत दाखल करताना घरच्यांनी आणून दिलेली टीसी परिवीक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) अहवालाला टाचलेली होती, आणि तो अहवाल मीच फाडायला दिला होता. शाळा होती बाहेरच्या तालुक्यात. दुय्यम प्रतीसाठी त्याला तीन चकरा पडल्या आणि तोवर प्रवेशाची तारीख गेली. तो काही बोलला नाही. पिशवीची गाठ मारली आणि गेला.

तेव्हापासून माझा नियम असा की फाइलीत दोन तऱ्हेचे कागद असतात, प्रकरणाचे आणि मुलाचे. सामाजिक तपासणी अहवाल, बंधपत्रं, हजेरीचे आदेश, वर्तणुकीच्या नोंदी हे प्रकरणाचे. ते जातात. टीसी, गुणपत्रिका, जन्मदाखला, जातीचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक, संस्थेत केलेल्या शिवणकाम-सुतारकामाचं प्रमाणपत्र हे मुलाचे. ते मूळ मालकाला पोच घेऊन परत. मूल सापडत नसेल तर पाकिटात घालून जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या ताब्यात. पाकिटावर नाव आणि जन्मतारीख लिहा, प्रकरण क्रमांक लिहू नका. टाचणी काढून बघा, पाठकोऱ्या कागदांची मागची बाजू बघा. एका आहार तक्त्याच्या मागे मला लसीकरणाचं कार्ड डकवलेलं सापडलं होतं.

वयाचा एखादा कागद किती जड असतो ते नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. पुण्यातल्या १९९४च्या खून खटल्यात फाशी झालेला एक कैदी मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने आपल्या मध्यवर्ती कारागृहातून बाहेर पडला. अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ आत होता. राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या नोंदीवरून निघालं की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. अल्पवयीन असल्याचा दावा कलम ९ प्रमाणे कधीही करता येतो, प्रकरण निकाली निघाल्यावरसुद्धा. आणि वय ठरवताना कलम ९४ आधी शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला बघतं, तो नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि अगदी काहीच नसलं तर वैद्यकीय चाचणी. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर शाळेतच राहतं, ते आपल्या हातात नाही. पण मुलाची टीसी आपल्या टाचणीला असेल तर ती आपल्याच हातात आहे.

यादीबद्दल सांगते, कारण इथे भलेभले फसतात. नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी करावी लागते आणि ती यादी कायम ठेवायची असते. आमच्या जुन्या याद्यांत रकाने काय होते? अनुक्रमांक, मुलाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, मोहल्ला, कलम, आदेशाची तारीख. म्हणजे फाइल फाडली आणि तिचा अर्क काढून लाल रुमालात जपला. यादीत फक्त प्रकरण क्रमांक, पानांची संख्या, आदेशाची तारीख आणि नष्ट केल्याची तारीख येऊ द्या. क्रमांकावरून नाव सांगणारी अनुक्रमणिका हाही अभिलेखच, तिच्यातली ओळही जायला हवी.

बांधीव प्रवेश नोंदवहीचं मात्र सोपं उत्तर नाही. एका वहीत तीनशे मुलं, दहांची मुदत भरली, बाकीच्यांची नाही. पान फाडता येत नाही. आम्ही मंडळाचा आदेश घेऊन त्या ओळी काळ्या शाईने पूर्ण झाकायचो, समासात आदेशाचा क्रमांक आणि अधिकाऱ्याची सही. शेवटच्या ओळीची मुदत भरली की वही पूर्ण नष्ट. काम कंटाळवाणं आहे, आणि साधी बॉलपेन वापरली तर उजेडात धरल्यावर वाचता येतं. जाड मार्कर घ्या, दोन हात मारा.

संगणकाचं विसरू नका. एक्सेलमधली मासिक माहिती, डेटा एंट्री करणाऱ्याचा पेनड्राइव्ह, वरिष्ठांना पाठवलेले ईमेल, "तातडीने फोटो टाका" म्हटल्यावर व्हॉट्सॲप गटात टाकलेलं आदेशाचं पान. हे शेवटचं मी स्वतः केलेलं आहे. दुसऱ्या दिवशी एकेकाला फोन करून पुसायला लावलं. किती जणांनी पुसलं ते त्यांनाच ठाऊक.

प्रत्यक्ष नष्ट करायला रद्दीवाला नको. जाळूही नका. आमच्या शिपाईभाऊंचं मत होतं, "काहून एवढा खटाटोप ताई, आगपेटी लावा ना." एकदा लावली. एप्रिलची दुपार, अंगणात टिनाचा डबा, आणि अशी वावटळ आली की अर्धी जळलेली पानं भिंतीवरून रस्त्यावर. मी, शिपाईभाऊ आणि चौकीदार चपला न घालता धावत सुटलो. एक पान पानटपरीच्या छपरावर जाऊन बसलं. त्यावर मुलाचं नाव होतं, वरची कड फक्त काळी झालेली. कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वावटळीला काय शिक्षा करणार?

नंतर आम्ही भंगारात निघालेल्या कूलरची टाकी धुऊन घेतली. कागद आधी उभे-आडवे फाडायचे, टाकीत पाणी भरून रात्रभर भिजवायचे, सकाळी काठीने घोटायचे. शाई आणि कागद मिळून राखाडी लगदा होतो, त्यातून कुणाचा बापही नाव काढू शकत नाही. श्रेडर असेल तर उत्तमच, पण उभ्या पट्ट्या कापणारा नको, तुकडे करणारा बघा. हे सगळं दोन कर्मचारी आणि प्रभारी अधिकारी यांच्यासमोर, पंचनामा करून.

आपल्याकडची फाइल गेली म्हणजे झालं असं नाही. सामाजिक पार्श्वभूमी अहवालाची प्रत पोलीस ठाण्यात असते, स्टेशन डायरीत नोंद असते, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या कपाटात एक प्रत असते. कलम २४ खाली मंडळ पोलिसांनाही आदेश देतं. त्या आदेशाची पूर्तता झाली का, हे विचारणारं पत्र विशेष बाल पोलीस पथकाला पाठवा आणि उत्तर येईपर्यंत स्मरणपत्रं द्या. मुलाला कळवायचं असेल तर मंडळाचा शिक्का असलेलं पाकीट घरी पाठवू नका. पोस्टमनच्या हातून ते आधी शेजाऱ्यांकडे पोचतं. फोन करा, किंवा बोलावून घ्या.

चारित्र्य पडताळणीच्या पत्रांना उत्तर देताना जपून लिहा. पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी मुलाची नोंद उघड करायची नाही, असं ७४(२) सांगतं. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये केंद्रीय सशस्त्र दलातल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, अल्पवयातल्या आरोपावरून त्याला नाकारणं चुकीचं ठरवलं. तरी पत्रं येतात. त्यावर "सदर अभिलेख नष्ट करण्यात आला आहे" असं लिहू नका. त्यातून होता, हे कळलंच. प्रत्येक पत्राला, मूल आपल्याकडे असो वा नसो, एकच मसुदा: अधिनियमाच्या तरतुदींनुसार अशी कोणतीही माहिती या कार्यालयाकडून देता येत नाही.

फार जुना गठ्ठा निघाला, नागपूर मध्य प्रांताची राजधानी असतानाचा, इंग्रजीतला, १९२८च्या बाल कायद्याखालचा, तर तो सात वर्षांच्या हिशेबात ओढू नका. पुराभिलेख संचालनालयाच्या नागपूर कार्यालयाला कळवा आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत कुलपात ठेवा.

आणि हो, फळ्या रिकाम्या झाल्या की लगेच नवे गठ्ठे रचू नका. आधी वाळवीचं औषध मारा, आठवडाभर खिडकी उघडी ठेवा, आणि उंदरांचं बीळ सिमेंटने बुजवा. खालच्या फळीच्या मागे, डाव्या कोपऱ्यात आहे ते.