दुरुस्ती कशी करावी आणि कशी स्वीकारावी : लेखकांसाठी व संपादकांसाठी

संपादित संहिता लेखकाकडे परत येते तेव्हा तिच्यात तीन वेगवेगळ्या जातींचे बदल एकाच रंगात मिसळलेले असतात. काही लेखननियमांमुळे केलेले, काही त्या प्रकाशनाच्या ठरलेल्या पद्धतीमुळे केलेले, तर काही संपादकाला ते वाक्य तसे बरे वाटले म्हणून केलेले असतात. लेखकाला हे तीन प्रकार वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून तो एकतर सगळ्यांवर रागावतो किंवा सगळे निमूटपणे मान्य करतो, आणि दोन्ही प्रसंगी मजकुराचेच नुकसान होते. पुढे सांगितलेली कामाची पद्धत एकाच गोष्टीवर उभी आहे: बदल कोणत्या जातीचा आहे हे बदल करणाऱ्याने स्पष्ट सांगावे, आणि अखेरचा शब्द कोणाचा हे त्या जातीवरून ठरावे.

काम सुरू होण्यापूर्वी

पहिले पाऊल म्हणजे कोणते लेखननियम पाळायचे हे लेखी ठरवणे. मराठीत बहुतेक प्रकाशने साहित्य महामंडळाचे नियम पाळतात. महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केलेले १४ नियम आणि १९७२ साली त्यांत पडलेली ४ नियमांची भर, असे हे एकूण १८ नियम आहेत. संपादकाने केवळ ‘शुद्धलेखनाप्रमाणे’ असे मोघम न म्हणता हे नियम आणि शंका आल्यास पाहायचा एक लेखनकोश यांचे नाव सुरुवातीलाच सांगावे. अनेक लेखकांचे शालेय शिक्षण एका पद्धतीने झालेले असते, वाचन दुसऱ्या काळातील पुस्तकांचे असते, आणि ‘नांव’, ‘कांही’, ‘पांच’ यांवरील गेलेले अनुस्वार त्यांच्या हाताला अजून सवयीचे असतात. समोर एक ठरलेला आधार असला की अशा शब्दांवर चर्चा करण्याची वेळच येत नाही.

ज्या लेखकाला हे नियमच मान्य नाहीत, त्याने ते संहिता देतानाच सांगावे. ऱ्हस्व-दीर्घाची व्यवस्था सोपी करावी अशी मागणी मराठीत अनेक अभ्यासकांनी केलेली आहे, आणि तसे लिहिण्याची भूमिका घेणाऱ्या लेखकाला केवळ चुकणारा समजणे अन्यायाचे आहे. मात्र भूमिका घेतली तर ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाळावी लागते, पुस्तकाच्या आरंभी तशी टीप द्यावी लागते, आणि प्रकाशकाची संमती आधी घ्यावी लागते. छपाईच्या आदल्या आठवड्यात मांडलेली भूमिका संपादकाला सबबीसारखी वाटते, मग ती कितीही प्रामाणिक असो.

दुसरे पाऊल लेखकाचे आहे. संहितेसोबत त्याने एक शब्दपत्रक द्यावे. व्यक्तिनामे त्या व्यक्ती स्वतः जशी लिहितात तशी त्यात असावीत, कारण ‘सुनीता’ आणि ‘सुनिता’ यांपैकी कोणते लिहायचे हे नियम ठरवत नाही, ते नाव धारण करणारी व्यक्ती ठरवते. त्याचबरोबर पात्रांच्या तोंडचे बोलीतील शब्द, विषयाच्या परिभाषेतील शब्द आणि जसेच्या तसे ठेवायचे उतारे यांची नोंद करावी. उताऱ्यांबाबत महामंडळाचा नियम स्पष्ट आहे: केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाप्रमाणे छापायचे, आणि त्या दोघांपासून पुढचे लेखन आजच्या नियमांनुसार छापायचे. हा नियम ठाऊक नसलेला मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफे तपासणारा, संतकाव्यातील ओळ ‘सुधारून’ ठेवतो आणि लेखकाचा विश्वास त्या एका ओळीवरून उडतो.

तिसरे पाऊल संपादकाने उचलावे. सगळी संहिता संपादित करून पाठवण्याऐवजी पहिली काही पाने पाठवावीत आणि लेखकाचे उत्तर आल्यावरच पुढे जावे. यात थोडा वेळ जातो, पण मतभेद असेल तर तो काही पानांत कळतो, आणि संपादकाला तीनशे पाने पुन्हा हाताळावी लागत नाहीत.

नियमाच्या दुरुस्त्या

लेखननियमांच्या दुरुस्त्यांवर अखेरचा शब्द ठरलेल्या नियमांचा असतो. लेखकाने येथे अडून बसू नये, आणि संपादकाने येथे प्रवचन देऊ नये. ‘गरीब’ पण ‘गरिबाला’, ‘वकील’ पण ‘वकिलाने’, ‘फूल’ पण ‘फुलाचा’, तर ‘शरीर’ मात्र तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, असल्यामुळे ‘शरीराला’, असे बदल खुलासा न देता केले तरी चालतात. काही दुरुस्त्या मात्र नियमाप्रमाणे असूनही लेखकाला चूक वाटतात, आणि तेथे एका ओळीचा खुलासा आवश्यक असतो. सर्वांत जास्त वाद मी सामासिक शब्दांवर होताना पाहिला आहे. ‘प्राणी’ दीर्घ, पण ‘प्राणिसंग्रहालय’ ऱ्हस्व. ‘विद्यार्थी’ दीर्घ, पण ‘विद्यार्थिदशा’ ऱ्हस्व. ‘कवी’ दीर्घ, पण ‘कविसंमेलन’ ऱ्हस्व. हा नियम ज्याने कधी वाचलेला नाही, त्याला संपादकाने बरोबर शब्दात चूक घातली असेच वाटणार. पहिल्या ठिकाणी ‘संस्कृतात मुळात ऱ्हस्वान्त (कवि) किंवा इन्-अन्त (प्राणिन्, विद्यार्थिन्) असलेला तत्सम शब्द समासात पूर्वपदी आला की ऱ्हस्वान्तच लिहायचा, पुढे सर्वत्र असेच केले आहे’ एवढे लिहिले की पुढची पन्नास ठिकाणे वादाविना पार पडतात.

संपादकाने एक पथ्य कटाक्षाने पाळावे. नियमाने दोन्ही रूपांना मुभा दिलेली असेल तर लेखकाचे रूप बदलू नये. ‘राहणे, पाहणे, वाहणे’ ही रूपे नियमाने ठरलेली आहेत, पण आज्ञार्थी ‘पाहा’बरोबर ‘पहा’ लिहिण्यास त्याच नियमाने हरकत घेतलेली नाही. असे असताना प्रत्येक ‘पहा’वर लाल खूण करणारा संपादक नियमाच्या नावाखाली स्वतःची सवय लादतो, आणि हे लेखकाच्या एकदा लक्षात आले की तो खऱ्या दुरुस्त्यांवरही शंका घेऊ लागतो. संवादांचेही तसेच आहे. पात्राच्या बोलण्यात ‘असं केलं’, ‘मी म्हटलं’ असे लिहिण्याला नियमाने जागा दिली आहे. ते ‘असे केले’ करून टाकले तर पात्र बोलायचे थांबते आणि निबंध वाचू लागते. बोलीतील ‘पानी’ सुधारून ‘पाणी’ करणे ही तर सरळ चूक आहे. याउलट, एकाच पात्राच्या तोंडी एका पानावर ‘न्हाई’ आणि दुसऱ्या पानावर ‘न्हाय’ असेल, तर ती विसंगती दाखवून देणे संपादकाचे कर्तव्य आहे, आणि त्यांतले कोणते ठेवायचे हे लेखकाने सांगावे.

ज्या दुरुस्तीने अर्थ बदलतो, ती सर्वांत काळजीने हाताळावी. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा, ‘शिर’ म्हणजे डोके आणि ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी. ‘आचार्यांना’ मान द्यायचा आणि ‘आचाऱ्यांना’ स्वयंपाक सांगायचा, यांत फरक फक्त रफाराचा आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतही तेच. अशा जागी संपादकाला खात्री वाटत असली तरी त्याने बदल न करता विचारावे.

वाक्यातील बदल

खरी ओढाताण येथे होते. समजा लेखकाने लिहिले आहे: ‘तो आला. बसला. काहीच बोलला नाही.’ संपादकाने ते असे केले: ‘तो येऊन बसला, पण काहीच बोलला नाही.’ व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही निर्दोष आहेत आणि दुसरे वाक्य अधिक घोटीव आहे. पण त्यातल्या ‘पण’ने एक गोष्ट नव्याने सांगितली: तो बोलेल अशी कोणाची तरी अपेक्षा होती. लेखकाला ती अपेक्षा दाखवायची नसेल, तर हा बदल मजकुरात भर घालणारा आहे आणि तो न विचारता करता येत नाही. ‘फक्त’, ‘च’ आणि ‘ही’ यांच्या जागांबद्दलही तितकेच सावध राहावे. ‘त्याने फक्त दोन पाने वाचली’ आणि ‘फक्त त्याने दोन पाने वाचली’ ही दोन वेगळी विधाने आहेत.

म्हणून वाक्यरचनेतील बदलाला संपादकाने सूचनेचे रूप द्यावे आणि शेजारी कारण लिहावे. ‘वाक्य चांगले वाटत नाही’ हे कारण नव्हे. ‘येथे कर्ता कोण हे वाक्याच्या शेवटापर्यंत कळत नाही’, ‘मागच्या परिच्छेदात हीच माहिती आली आहे’, ‘“त्याने” म्हणजे वडील की मुलगा, असा प्रश्न वाचकाला पडेल’, ही कारणे आहेत, कारण लेखकाला ती मजकुराशी ताडून पाहता येतात. कारण सांगता येत नसेल तर बहुधा तो बदल करण्याची गरज नसते. शेरा लेखकाबद्दल नव्हे, वाक्याबद्दल लिहावा. ‘तुम्ही येथे गोंधळ केला आहे’ यापेक्षा ‘येथे दोन अर्थ निघतात, कोणता अभिप्रेत आहे?’ या प्रश्नाला उत्तर मिळण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. आणि जे वाक्य उत्तम साधले आहे, तेथे तसेही लिहावे. ही खुशामत नाही. काय हलवायचे नाही हे संपादकाला कळले आहे, याची ती लेखकाला दिलेली खूण आहे.

लेखकाने संपादित मजकूर आला त्याच दिवशी उत्तर लिहू नये. पहिल्या वाचनात केवळ पाहावे, दुसऱ्या वाचनात निर्विवाद दुरुस्त्या स्वीकाराव्यात, आणि त्यानंतर उरलेल्यांवर विचार करावा. त्या सहसा वाटल्या होत्या त्यापेक्षा बऱ्याच कमी निघतात. संपादकाने सुचवलेला बदल पटला नाही, तरी त्या जागी त्याला काहीतरी खटकले होते ही गोष्ट उरतेच. अशा वेळी तिसरे, स्वतःचे वाक्य लिहून पाहावे. अनेकदा हाच सर्वांत चांगला निकाल असतो. मूळ वाक्यच राखायचे असेल तर ‘तसेच ठेवावे’ एवढे लिहून कारण द्यावे, आणि संपादकाने ते कारण लेखकाच्या बाजूने वाचावे: अर्थ, लय आणि मत यांबाबत अखेरचा शब्द लेखकाचा आहे, कारण मजकुरावर नाव त्याचे आहे. याला अपवाद तथ्यांचा आणि कायदेशीर जोखमीचा. साल चुकले असेल किंवा कोणाची बदनामी होत असेल, तर तो प्रश्न सुटल्याखेरीज मजकूर पुढे जाऊ नये.

वर्तमानपत्रात विचारायला वेळ नसतो हे खरे आहे. तेथे उपसंपादकाने लेखकाच्या नावाने येणाऱ्या मजकुरात नियमाच्या दुरुस्त्या आणि जागेपुरती काटछाट एवढेच करावे, आणि काटछाट करताना वाक्ये जोडण्यापेक्षा पूर्ण वाक्य वा परिच्छेद काढावा. मथळा उपसंपादकाचा असतो, पण लेखकाने जे म्हटलेले नाही ते मथळ्याने म्हणू नये.

संगणकामुळे होणारे वाद

काही भांडणांत दोषी दोघांपैकी कोणीच नसतो. जुन्या टंकातील मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार सरकतात, जोडाक्षरे तुटतात, आणि लेखकाला वाटते की संपादकाने घाण केली. त्यासाठी मूळ मजकुराची पीडीएफ प्रत नेहमी सोबत ठेवावी. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टंकित होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण शोध घेताना एक सापडतो आणि दुसरा सुटतो. आरंभीच सर्व मजकुरात एकच प्रकार करून घ्यावा. स्पेलचेकवर विसंबू नये, कारण मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात आणि त्या सर्व रूपांची यादी त्याच्यापाशी नसते; तो कधीकधी ‘माझ्याकडे’खाली लाल रेघ ओढतो आणि ‘माझ्या कडे’ निमूटपणे सोडून देतो.

‘सर्व बदला’ ही आज्ञा तर फारच जपून वापरावी. ‘कि’ची ‘की’ करण्यासाठी ती दिली की ‘किती’चे ‘कीती’, ‘किमान’चे ‘कीमान’ आणि ‘किंवा’चे ‘कींवा’ होते, आणि ते पुस्तकभर होते. असा बदल करायचाच असेल तर शब्दाच्या दोन्ही बाजूंची रिकामी जागा धरून शोधावे आणि प्रत्येक ठिकाणी पाहून बदलावे. बदलांची नोंद ठेवण्याची सोय संपादकाने पहिल्या अक्षरापासून चालू ठेवावी. न दाखवता केलेला एक बदल लेखकाला पुढे सापडला, तर दाखवून केलेल्या शेकडो बदलांकडेही तो संशयाने पाहतो.

प्रूफ आल्यावर

पानांची मांडणी झाल्यावर आलेले प्रूफ हे चुका काढण्यासाठी असते, लेखन सुधारण्यासाठी नसते. या टप्प्यावर लेखकाने एक ओळ वाढवली तर मजकूर पुढच्या पानावर ढकलला जातो, तळटीप जागा सोडते, सूचीतील पृष्ठांक चुकतात. बदल टाळताच येत नसेल तर जितकी अक्षरे घालायची साधारण तितकीच काढावीत. संपादकानेही या टप्प्यावर नवी सूचना काढू नये. अर्थाचा दोष दिसला तरच लेखकाला कळवावे.

छपाईनंतर सापडलेल्या चुका दोघांनी एकाच यादीत, पान आणि ओळ देऊन, टिपून ठेवाव्यात. चूक कोणाची होती हा रकाना त्या यादीत नसावा. हीच यादी आणि आरंभीचे शब्दपत्रक पुढच्या आवृत्तीच्या वेळी मुद्रितशोधकाच्या हाती द्यावे, कारण तोवर ती व्यक्ती बहुधा बदललेली असते आणि ‘प्राणिसंग्रहालय’ ऱ्हस्व का आहे हे तिला कोणीतरी सांगावे लागते.