पिकअपच्या इंजिनातली टिकटिक: हेड खोलायच्या आधी हे तपासा

सकाळी गार गाडीला स्टार्टर मारला की बॉनेटखालून टिक-टिक सुरू होते आणि गॅरेजला पोचेपर्यंत गायब. मिस्त्री ऐकतो आणि म्हणतो, "काही नाही, चालू द्या." म्हणून पहिलं काम हे करा: रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं पहिलं स्टार्टिंग बॉनेट उघडून मोबाइलवर रेकॉर्ड करा, चांगलं दोन मिनिटं. दहा-पंधरा किलोमीटर फिरून आल्यावर पुन्हा एकदा. आवाज कधी येतो आणि कधी जातो, यातच निम्मं निदान असतं.

आता गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून हलकी रेस द्या. रेसबरोबर टिकटिक वाढली तर ती इंजिनचीच. उभ्या गाडीत काहीच वाजत नसेल आणि चाक फिरल्यावरच येत असेल, तर आधी टायरच्या खाचेत अडकलेला खडा शोधा. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर क्लच किंवा गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर संशय घ्या.

मग ऑइल. सपाट जागेवर इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून परत घाला आणि पातळी बघा. टॅपेट म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा भाग, आणि हायड्रॉलिक टॅपेट ऑइलच्या दाबावर आपला गॅप आपोआप भरून काढतो. अशा हायड्रॉलिक टॅपेटची गाडी सुरू झाल्यावर दोन-चार सेकंद वाजून गप्प होत असेल तर घाबरू नका. टॅपेटमध्ये ऑइल भरलं की आवाज थांबतो. गप्प होत नसेल तर ऑइल कमी, जुनं किंवा चुकीच्या ग्रेडचं असू शकतं. इंजिन चालू असताना ऑइलचा लाल दिवा पेटला, तर मात्र जागेवरच बंद करा.

यानंतरची जागा बहुतेक जण बघतच नाहीत: एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरमधला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा लोखंडी पाइप. आमच्या पिकअपचं दोनदा टॅपेट सेटिंग झालं, पैसे गेले, आवाज तसाच. शेवटी एका पहाटे टोमॅटोचे क्रेट भरायच्या आधी मी टॉर्च लावून वाकून बघितलं. सगळ्यात मागच्या नटापाशी, मॅनिफोल्ड हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) भिडतो तिथे, काजळीचा बोटभर काळा पट्टा होता. स्टड तुटलेला आणि पॅकिंग फुंकलेलं. गार असताना त्या फटीतून धूर फटफट बाहेर येतो, तो आवाज हुबेहूब टॅपेटसारखा वाटतो. लोखंड तापून फुगलं की फट मिटते, म्हणून दुपारी गाडी शहाण्यासारखी चालते. तपासायला मीटरभर रबरी पाइप घ्या, एक टोक कानाशी धरा आणि दुसरं जोडावरून हळूहळू फिरवा. हे गार गाडी नुकती सुरू केल्यावरच करा, मॅनिफोल्ड लगेच तापतो.

डिझेल गाडीत इंजेक्टरच्या बुडाशीही बघा. तिथे डांबरासारखा चिकट काळा थर साचला असेल आणि चुक-चुक येत असेल, तर खालचा तांब्याचा वॉशर गेलाय. कॉमन रेल इंजिनचे (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल पुरवणाऱ्या नव्या इंजिनचे) डिझेल पाइप चालू गाडीत कधीही ढिले करू नका. आतला दाब हजार बारच्या वरही जातो, डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते. जुन्या पंपाच्या गाडीवर मिस्त्री पाइपचे नट ढिले करून आवाज कुठल्या सिलिंडरचा ते ओळखायचे, ती पद्धत इथे चालत नाही.

हे सगळं ठीक निघालं तरच टॅपेट. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर टेकवा आणि मूठ कानासमोरच्या हाडाला लावा. गळ्यातलं उपरणं, मफलर आधी काढून ठेवा, पंखा आणि बेल्ट जवळच असतात. शिलाई मशीनसारखी बारीक, एकसारखी टिकटिक इथे सर्वांत मोठी ऐकू आली तर सेटिंग करायला हरकत नाही. टॅपेटचा गॅप कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून ठेवायला सांगा. आवाज बंद व्हावा म्हणून कुणी अंदाजाने घट्ट करत असेल तर थांबवा. थोडा वाजणारा टॅपेट परवडतो. घट्ट टॅपेट वाजत नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो.

टिकटिकीच्या जागी ठक-ठक असा जड आवाज इंजिनच्या खालून येत असेल, भरलेल्या गाडीत चढाला वाढत असेल, तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असण्याची भीती असते. मग गॅरेज दोन किलोमीटरवर असलं तरी गाडी चालवत नेऊ नका, टोचन करून न्या.