मुंबईहून सान फ्रान्सिस्को: सिंगापूर की कॅथे, बिझनेस क्लास कसा निवडायचा

लेक सान फ्रान्सिस्कोजवळ राहते, माझी पाठ अधू आणि आमचे हे सहा फूट उंच. त्यामुळे बिझनेस क्लासचं तिकीट काढताना मी सगळ्यात आधी झोपेचा विचार करते. सिंगापूरमार्गे गेलात तर दुसरा टप्पा पंधरा तासांच्या वर जातो, हाँगकाँगमार्गे थोडा कमी. तेवढा वेळ आडवं होता आलं, तरच त्या पैशांचं चीज.

ठाण्यातल्या ओळखीच्या बायका विचारतात, "सिंगापूर एअरलाइन्स चांगली की हाँगकाँगची कॅथे पॅसिफिक?" मी म्हणते, आधी विमान कोणतं ते बघा. एकाच कंपनीत विमानागणिक सीट बदलते. सिंगापूर एअरलाइन्सची एअरबस ए३५०-९०० विमानं बाहेरून सारखीच दिसतात, पण लांब पल्ल्याच्या नेहमीच्या विमानात बिझनेसच्या ४२ सीटा असतात आणि मध्यम पल्ल्याच्या विमानात ४०, त्याही वेगळ्या बनावटीच्या. म्हणून सीट मॅप उघडा आणि चक्क सीटा मोजा. कॅथेच्या ए३५०-९०० मध्ये ३८ भरतील, ए३५०-१००० मध्ये ४६. बोइंग ७७७-३००ईआरमध्ये ४५ भरल्या तर तो आरिया सूट, म्हणजे ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेली, सीटला सरकतं दार असलेली नवी केबिन. ती मिळत असेल तर मी पुढे तुलनाच करत नाही. कॅथेच्या ए३३० वर मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. नकाशात २-२-२ अशी, म्हणजे एका रांगेत दोन-दोन सीटांच्या तीन जोड्या अशी मांडणी दिसली, तर ती सीट पूर्ण सपाट होत नाही. मुंबईहून रात्री निघणार असाल तर ते विमान सोडा.

आता झोपेचं. सिंगापूरची लांब पल्ल्याची सीट २८ इंच रुंद आहे, मांडी घालून बसता येतं. पण तिचा पलंग बटण दाबून होत नाही. उठून उभं राहायचं, सीटची पाठ पुढे पाडायची, मग मागची गादी वर येते. क्रूला सांगितलं की ते करून देतात. झोपायचं तिरकं, पाय समोरच्या कोपऱ्यातल्या कोनाड्यात. उंच माणसाला आणि कुशीवर झोपणाऱ्याला हा कोनाडा जाचतो. यावर उपाय एकच: केबिनच्या अगदी पहिल्या रांगेतली सीट घ्या. तिथे पाय ठेवायची जागा पूर्ण रुंदीची असते, मला तिथे खरोखर छान झोप लागते.

कॅथेच्या ए३५० ची सीट अरुंद, पण बसल्या जागी बटणाने हळूहळू सपाट होते. गुडघे दुखणाऱ्यांना, रात्री तीनदा उठणाऱ्यांना हीच सोयीची. मध्येच अर्धवट रेलून पाय वर ठेवायचे असतील तर तेही जमतं. खिडकीच्या सीटचं तोंड खिडकीकडे वळलेलं असल्याने एकट्या बाईला आडोसा चांगला मिळतो. यांना कॅथे आवडते, मला सिंगापूरची पहिली रांग. ती रांग भरलेली असेल तर मीही कॅथेच घेते.

जेवणात सिंगापूर सरस. 'बुक द कुक'मध्ये निदान २४ तास आधी मुख्य पदार्थ निवडून ठेवता येतो. शाकाहारी किंवा जैन जेवण दोघांकडेही मिळतं, पण तेही आधीच नोंदवा. थांबा मोठा असेल तर हाँगकाँगचं 'द पिअर' लाउंज मला जास्त भावतं: गरम नूडल्स, वेगळं चहाघर आणि अंघोळीची सोय.

एअर इंडियाचे पॉइंट जमवत असाल तर सिंगापूर घ्या, दोघीही स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहेत. कॅथे वनवर्ल्ड या दुसऱ्या गटात.

तिकीट काढल्यावरही विमान बदलू शकतं. निघायच्या आठवडाभर आधी आणि पुन्हा आदल्या दिवशी सीट मॅप उघडा, आकडा जुळवा. बदललेला दिसला तर लगेच फोन करून नवीन मांडणीतली सीट मागून घ्या. चेक-इन काउंटरवर पोचेपर्यंत पहिली रांग गेलेली असते.