रात्री साडेआठचं आकाश: कोणत्या महिन्यात काय शोधायचं

इथं दिलेल्या वेळा महाराष्ट्र-गोव्यातल्या आणि महिन्याच्या १५ तारखेच्या आसपासच्या आहेत. प्रत्येक तारा रोज ४ मिनिटं लवकर उगवतो. म्हणजे पंधरवड्यात एक तास, महिन्यात दोन तास. त्यामुळे १ तारखेला बघणार असाल तर साडेनऊला बाहेर पडा, ३० तारखेला साडेसातला. पुढच्या महिन्याचं आकाश आजच हवं असेल तर साडेदहापर्यंत जागा.

आधी उत्तर दिशा पक्की करा. गच्चीवर लोखंडी कठडा किंवा पाण्याची टाकी जवळ असेल तर मोबाईलचं होकायंत्र हमखास चुकतं, म्हणून ते मोकळ्या जागी धरा. हात ताठ करून मूठ वळली की मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. ध्रुव क्षितिजापासून तुमच्या गावाच्या अक्षांशाइतका वर असतो: पुण्या-मुंबईत १९ अंश, म्हणजे जेमतेम दोन मुठी, नागपुरात २१, पणजीत साडेपंधरा. तो सर्वांत तेजस्वी असेल अशा समजुतीनं शोधायला गेलात तर सापडणार नाही. तेजात तो मध्यमच आहे आणि शहराच्या धुरकटात बऱ्याचदा बुडून जातो.

चंद्रासाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरेसं आहे. संकष्टीनंतर दोन दिवस सोडा. तिथपासून विनायकीपर्यंत जवळपास दोन आठवडे संध्याकाळ अंधारी मिळते. डोळे अंधाराला सरावायला २० मिनिटं लागतात आणि मोबाईलच्या एका झळाळीनं ती वाया जातात. टॉर्चवर लाल जिलेटीन कागदाच्या दोन-तीन घड्या रबरबँडनं बांधा. नकाशा हातात धरून खाली बघत वाचला तर पूर्व-पश्चिम उलट वाटते. तो डोक्यावर धरून खालून बघायचा असतो, म्हणून त्यात पूर्व डावीकडे छापलेली असते.

जानेवारी, फेब्रुवारी. सुरुवात करायला यापेक्षा चांगला काळ नाही. जानेवारीत कृत्तिकांचा झुबका जवळजवळ डोक्यावर असतो आणि पूर्वेला मृग आडवा पडलेला. फेब्रुवारीत दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा: मृग उंचावर, सरळ. चार पायांचा चौकोन आणि पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण. वरचा डावा तांबूस तारा काक्षी, खालचा उजवा निळसर पांढरा राजन्य. बाणाची रेघ डावीकडे खाली वाढवली की व्याध, उजवीकडे वर वाढवली की रोहिणी आणि तिच्यापुढे कृत्तिका. बाणाच्या खाली तीन मंद ठिपके दिसतात. त्यातला मधला धुरकट असतो, तो मृगातला तेजोमेघ. ७×५० किंवा १०×५० ची दुर्बीण कोपर कठड्यावर टेकवून धरा, नाहीतर हात थरथरतो आणि मेघ काही दिसत नाही.

व्याधापासून साडेतीन मुठी खाली अगस्त्य. तेजात व्याधानंतर त्याचाच क्रमांक. फेब्रुवारीच्या मध्यात सव्वानऊला तो बरोबर दक्षिणेला, पुण्यातून सुमारे १९ अंशांवर असतो.

मार्च. पुनर्वसूची जोडी माथ्याच्या किंचित उत्तरेला, तिच्या दक्षिणेला प्रश्वा. बस्स.

एप्रिल, मे. माथ्याजवळ मघा, ईशान्येकडून वर सरकणारे सप्तर्षी. पतंगाच्या पुढच्या दोन ताऱ्यांमधलं, म्हणजे पुलह आणि क्रतूमधलं, अंतर त्याच दिशेनं पाचपट पुढं न्या, ध्रुव सापडतो. शेपटीचा बाक तसाच वळवत तीन मुठी गेलात की केशरी स्वाती, आणखी तीन मुठींवर चित्रा. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. चांगली नजर असेल तर त्याला चिकटून अरुंधती दिसते.

एप्रिलात साडेआठला दक्षिणेला एक क्रूस दिसतो आणि पुष्कळ जण त्यालाच त्रिशंकू समजून खूश होऊन परततात. तो खोटा त्रिशंकू: आकारानं मोठा, तेजानं फिका. खरा त्या वेळी आग्नेयेकडे नुकता क्षितिजाबाहेर येत असतो. खऱ्याची खूण म्हणजे तो लहान आणि ठसठशीत असतो आणि त्याच्या डावीकडून मित्र आणि मित्रक ही तेजस्वी जोडी मागोमाग येते. मेच्या मध्यात साडेनऊच्या सुमाराला तो उभा होतो. हस्ताचा चार ताऱ्यांचा चौकोन धरा आणि तिथून सरळ चार मुठी खाली उतरा. त्याचा तळचा तारा पुण्यातून क्षितिजाच्या फक्त ८ अंश वर, नागपुरातून ६, गोव्यातून ११. त्यामुळे दक्षिणेला एक इमारत असली तरी खेळ संपला. कोकणातला सडा किंवा दक्षिण उतार मोकळा असलेली टेकडी गाठा. समुद्रकिनारा पश्चिमेकडे उघडा असतो, त्याचा इथं फारसा उपयोग नाही.

जून ते ऑगस्ट. ‘मृग नक्षत्र लागलं’ म्हणून जूनमध्ये कुणी मृग शोधायला निघालं तर पदरी निराशाच. नक्षत्र लागतं म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात जातो, आणि जिथं सूर्य आहे ते नक्षत्र दिसणार कसं? जूनच्या मध्यात सव्वानऊच्या आसपास ढग फाटले तर मान वर करा. स्वाती मुंबई-पुण्याच्या थेट डोक्यावरून जाते. जुलै-ऑगस्टला दक्षिणेकडे लक्ष ठेवा: साडेचार मुठींवर लालसर ज्येष्ठा, तिच्याखाली वळलेली विंचवाची नांगी, म्हणजे मूळ. १२-१३ ऑगस्टच्या उल्कावर्षावाची जाहिरात दरवर्षी होते, पण आपल्याकडे तो बहुतेक वेळा ढगांच्या वरच पार पडतो.

सप्टेंबर, ऑक्टोबर. अभिजित, श्रवण आणि हंसाचं पुच्छ यांचा मोठा त्रिकोण माथ्याजवळ. ऑक्टोबरात तो पश्चिमेकडे कलतो. दक्षिणेच्या ओसाड पट्ट्यात एकटा चमकणारा तारा मीनास्य.

नोव्हेंबर. माथ्यावर भाद्रपदांचा चौकोन. पश्चिमेची जोडी पूर्वा, पूर्वेची उत्तरा. सप्तर्षी या दिवसांत क्षितिजाखाली असल्यानं उत्तर दिशा शर्मिष्ठेच्या ‘एम’वरून ओळखा. चौकोन आणि शर्मिष्ठा यांच्या मधे देवयानी दीर्घिका धुरकट डागासारखी दिसते. तो प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला. शहरातून नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही.

ग्रह या यादीत नाहीत, कारण ते जागा बदलतात. गुरूला बारा राशी फिरायला सुमारे १२ वर्षं लागतात, म्हणजे वर्षाला साधारण एक रास. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपेक्षा लांब जात नाही, म्हणून मध्यरात्री माथ्यावर दिसलेलं तेज शुक्राचं नसतं. नकाशात नसलेला, न लुकलुकणारा ठिपका सूर्य-चंद्राच्या वाटेवर दिसला तर तो बहुधा ग्रह. क्षितिजालगत मात्र ग्रहही लुकलुकतात आणि व्याध तर रंग बदलत लखलखतो. त्याला विमान समजणारेही भेटतात.

डिसेंबर. साडेआठला दक्षिणेला दीड मुठीवर अग्रनद. पण महिन्याचा खरा मान १३-१४ तारखेच्या रात्रीच्या मिथुन उल्कावर्षावाचा: आकाश कोरडं, रात्र लांब. चंद्र कधी मावळतो ते आधी बघून ठेवा. उल्का पुनर्वसूजवळून फाकल्यासारख्या दिसतात आणि तो भाग अडीचच्या सुमाराला माथ्यावर येतो, म्हणून दहानंतर चटई टाकून आडवे व्हा. नजर पुनर्वसूवर रोखू नका. लांब रेघा तिथून चार-पाच मुठी दूर दिसतात. पांघरूण दोन न्या, दवानं एक भिजतंच.